रगतवाढीचं औषध

सावित्रीबाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. सिन्नरहून नाशिकला सिडकोत मुलाकडे राहायला आल्या आणि महिन्याभरात गल्लीतल्या चार बायका त्यांनी जोडल्या. त्या चौघींना त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. नात निकिता अशी पांढरीफटक, कारण सुनेनं पोटुशी असताना धड खाल्लं नाही. "चहा-बिस्किटावर नऊ महिने काढले. पोरीत रगत येणार कुठून?" सून तृप्ती गॅलरीत कपडे वाळत घालत असली तरी त्यांचा आवाज काही खाली येत नसे.

निकिता सहा वर्षांची. ती तान्ही असतानाच आजार कळला होता. गोळ्या लागू पडल्या नाहीत, म्हणून दर महिन्याला रक्त चढवावं लागे. सावित्रीबाईंच्या मते हा सगळा डॉक्टरांचा धंदा. दुसऱ्याचं रक्त उसनं आणून पोर किती दिवस जगवणार? मग त्यांनी स्वतःचा इलाज सुरू केला. बाळंतपणात आपण घेतलं होतं तसलं लोहाचं टॉनिक मेडिकलमधून आणायचं आणि तृप्ती भाजीला गेली की नातीला पाजायचं, वर गुळाचा खडा. "आईला नाय सांगायचं, ती वरडती," असं बजावूनही ठेवलं. नातीवर जीव होता, यात खोटं काही नाही. पण पोर गुलाबी झाली की सुनेचं नाक कापता येईल, ही गोडीही त्यात होती.

२००६ च्या मे महिन्यात त्या पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर दवाखान्यात गेल्या, डॉक्टरीणबाईंना चार शब्द सुनावायला.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून गंभीर झाल्या. "हिच्या अंगात लोह फार साठलंय. यकृताला सूज आहे. असंच चाललं तर हृदयावर जाईल."

"रगत कमी, अन् लोखंड जास्त?" सावित्रीबाई उसळल्या. "असं कुठं असतंय का?"

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. "आजी, आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं तयार करणारी बारीक यंत्रं असतात. त्यांना रायबोझोम म्हणतात. ती यंत्रंसुद्धा सुटे भाग जोडूनच तयार होतात. हिच्यात जन्मापासून एक भाग कमी पडतो, त्यामुळे पुरेशी यंत्रं जोडलीच जात नाहीत. लाल रक्तपेशीला फार थोड्या वेळात फार माल काढायचा असतो, म्हणून पहिली तीच बंद पडते. यात आईच्या खाण्यापिण्याचा काडीचाही संबंध नाही."

निकिताचा बाप धनराज अंबडच्या कंपनीत मशिनी जोडायच्या कामाला होता. त्याला चटकन उमगलं. "म्हणजे मशीनच कमी. वरून कच्चा माल कितीही ओतला तरी..."

"तो गोदामात साठतो आणि गोदाम सडवतो. चढवलेल्या रक्तातून लोह येतंच. पण हे त्याहून बरंच जास्त आहे." मग त्या तृप्तीकडे वळल्या. "टॉनिक देताय ना? देऊ नका म्हणून मी बजावलं होतं."

"नाही हो मॅडम. शपथ."

"बऱ्याच आया देतात आणि नाही म्हणतात."

धनराजही बायकोकडे बघू लागला. "तृप्ती, खरं काय ते सांग."

तृप्तीचे डोळे भरून आले. सावित्रीबाईंची जीभ, जी कधी स्वस्थ बसायची नाही, ती टाळ्याला चिकटली. बोलायला हवं होतं आणि बोलवेना. चार बायकांत आपली काय पत राहील, हाच विचार आधी मनात आला आणि त्या विचाराचीच त्यांना किळस वाटली.

तेवढ्यात निकिता त्यांच्या कानाशी आली. "आजी, घाबरू नको. मी नाही सांगणार," ती कुजबुजली. आईच्या डोळ्यांतलं पाणी ती बघत होती, तरी आजीला दिलेला शब्द पाळत होती.

सावित्रीबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "तिला नका बोलू," त्या म्हणाल्या. "म्या पाजत व्हते. वरीस झालं."

डॉक्टरीणबाईंनी नवं औषध लिहून दिलं. पोटावर सुई टोचून छोट्या पंपानं रात्रभर ते हळूहळू अंगात सोडायचं, म्हणजे साठलेलं लोह लघवीवाटे निघतं. तृप्तीनं सुई कशी लावायची ते नीट विचारून घेतलं. रिक्षात ती सासूला एका शब्दानंही टोचून बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं सावित्रीबाईंना वाटत राहिलं.

आठवडाभर त्या गल्लीत उतरल्या नाहीत. निकिताला सुई टोचताना ती कळवळली की त्या उठून मोरीत जाऊन उभ्या राहत.

एका दुपारी त्यांनी आंबा चिरला आणि एक फोड निकितापुढे धरली. पोरीनं हात पुढे केला नाही. तिनं स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, आजीनं दिलेलं खाऊ का गं?"

"अगं, खा की," म्हणत तृप्ती लगबगीनं बाहेर आली. सावित्रीबाईंना मात्र सुनेपुढे मान वर करवेना.