काळी स्क्रीन आणि मामांची चादर

सोमवारी सकाळी साडेनऊला कृत्रिम पायांच्या त्या वर्कशॉपमध्ये एकही माणूस आपल्या जागेवर नव्हता. प्लास्टरवाले हात न धुताच आले होते, चामडं शिवणारी बाई हातातल्या दाभणासकट आली होती, आणि मोजमापासाठी बाकावर बसलेला सुतारही कुबड्या टेकत दारापर्यंत पोचला होता. सगळे ड्रॉइंगच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभे होते. मधोमध टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर पांढरी चादर, आणि चादरीत डोकं खुपसून बसलेले मामा.

"श्वास सोडा," चादरीतून आवाज आला. "यंत्र तुमचा श्वास ऐकतंय. कुणाच्या मनात शंका असेल तर त्याने बाहेर जावं. शंकेच्या लहरी वायरीतून आत शिरतात."

कुणीही हललं नाही. शंका असलेली एकटी, ड्रॉइंगचं काम करणारी ताई होती आणि तिला मामांनी आधीच बाहेर काढलं होतं. ती व्हरांड्यात प्लास्टरची बादली धरून उभी होती.

दोन-तीन मिनिटं आत नुसतं पुटपुटणं चाललं. मग चादर झर्रकन उडाली. इतका वेळ काळीठिक्कर असलेली स्क्रीन निळी झाली आणि तिच्यावर गुडघ्याखालचा एक पाय गरगर फिरायला लागला.

"आली! आली!" प्लास्टरवाले ओरडले. शिवणवाल्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. आणि ज्या मोठ्या बाई मिलिमीटरभर फरक पडला तर सगळं काम परत करायला लावायच्या, वर्कशॉपच्या त्या प्रमुखांनी चक्क हात जोडले.

मामा घाम पुसत म्हणाले, "माझं काही नाही यात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे यंत्राचा डोळा. डोळ्यालाच नजर लागते. मी फक्त ती उतरवतो." एवढं बोलून त्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच पाहिलं.

हे मामा म्हणजे ताईचे सख्खे मामा, तिच्या आईचे धाकटे भाऊ. ती त्यांना मामा म्हणायची म्हणून सगळं वर्कशॉप मामा म्हणायला लागलं. तीस वर्षं त्यांनी इथलं स्टोअर सांभाळलं होतं. ताईला त्यांनीच इथे आणलं. टेप कसा धरायचा, पायाचं माप दोनदा का घ्यायचं, आणि प्रत्येक माप वेळेसकट वहीत का लिहायचं, हे त्यांनीच तिच्या हाताला धरून शिकवलं. "डोक्यावर विसंबू नकोस, वहीवर विसंब," हे त्यांचंच बोलणं. पुढे वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर आला. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा, कारण पाय कोरण्याच्या मशीनचा प्रोग्राम त्याच्यावर चालायचा. ताई ते काम शिकली. पायाचा त्रिमिती आकार स्क्रीनवर फिरवून, जिथे हाड टोचेल तिथे केसभर जागा सोडायची, जिथे मांस मऊ तिथे घट्ट धरायचं. तिने आखलेलं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, घालून माणसं पहिल्याच दिवशी जिना चढायची.

मामांच्या निवृत्तीला मात्र आता वर्षही उरलं नव्हतं. स्टोअरची यादीही कॉम्प्युटरवर गेली, आणि मामा दिवसभर किल्ल्यांचा जुडगा फिरवत बसायला लागले.

अशात नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं. बसवणारा माणूस दिवसभर खपला, सगळं चालवून दाखवलं आणि गेला. ताई त्या दिवशी रजेवर होती. महिन्याभराने एका सोमवारी कॉम्प्युटर सुरू केला तर स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, चित्र नाही. ताईने वायर काढून घातली, स्क्रीन बदलून पाहिली, काहीच होईना. तेवढ्यात मामा म्हणाले, "मला जरा एकट्याला बसू दे." आणि स्क्रीन उजळली!

पुढच्या सोमवारी पुन्हा काळी, पुन्हा मामा. तिसऱ्या सोमवारी चादर आली, चौथ्या सोमवारी डोळे मिटणं आलं. पाचव्या सोमवारी मामांनी डोळे मिटूनच सांगितलं, "या यंत्राला हिचा हात चालत नाही." सहाव्या सोमवारी, म्हणजे आज, मोठ्या बाईंनी ताईला खोलीत बोलावून सांगितलं, "मला स्वतःला पटतं असं नाही गं. पण काम अडतंय. पहिल्या तारखेपासून तू प्लास्टरकडे कायमची. ड्रॉइंगला दुसरं कुणीतरी बघू."

पहिली तारीख पुढच्या आठवड्यात होती. बारा वर्षांत हाताला आलेली विद्या एका वाक्यात काढून घेतली होती. ताईला रडू आलं नाही, राग आला, आणि रागापेक्षा जास्त कोडं पडलं. मामांनी असं का म्हणावं?

मग तिने मामांनीच शिकवलेली गोष्ट केली. वही उघडली. सहाही सोमवारच्या नोंदी तिने वेळेसकट लिहून ठेवल्या होत्या. मंगळवार ते शनिवार एकदाही स्क्रीन काळी पडली नव्हती. आणि कोरण्याचं मशीन आठवडाभर चालू असतं म्हणून कॉम्प्युटर बंद व्हायचा तो फक्त शनिवारी संध्याकाळी. म्हणजे नजर लागायची ती कॉम्प्युटर नव्याने सुरू करतानाच. मोठी शिस्तीची नजर होती म्हणायची! रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी वेळेवर कामावर हजर.

कार्ड बसवणाऱ्याचा नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. ताईने जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

"काळी पडते? अहो, मग चिठ्ठीप्रमाणे केलं नाहीत का?" तो म्हणाला.

"कसली चिठ्ठी?"

"मी सगळं लिहून दिलं होतं. वर तुमचंच नाव घातलं होतं. तुम्ही रजेवर होतात म्हणून तुमच्या मामांच्या हातात दिली. त्यांना एकदा करूनही दाखवलं. म्हणाले, भाचीच आहे माझी, देतो."

ताईने कपाटाचं दार धरलं. "काय होतं त्या चिठ्ठीत?"

त्याने सांगितलं. लिनक्सचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. अपडेट आलं की नवीन कर्नल बसतो, पण जुनाही मागे राहतो. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने जुळवावा लागतो. त्याला लागणाऱ्या फाइली नसल्या तर तो जुळत नाही आणि स्क्रीन काळी राहते. अशा वेळी सुरू होताना एक बटण दाबून धरायचं. यादी येते, तिच्यातून जुना कर्नल निवडायचा. चित्र येतं. पण ती तात्पुरती मलमपट्टी, पुढच्या वेळी कॉम्प्युटर पुन्हा नवाच कर्नल उचलतो. कायमचा इलाज म्हणजे राहिलेल्या फाइली आणून ड्रायव्हर जुळवून घेणं. दहा मिनिटांचं काम.

"माझ्या बोलण्यावर जाऊ नका," तो म्हणाला. "कॉम्प्युटर स्वतःची नोंद ठेवतो. कधी सुरू झाला, कुठल्या कर्नलवर सुरू झाला, सगळं. बघा आणि ठरवा."

सगळे जेवत असताना ताई ड्रॉइंगच्या खोलीत शिरली. नोंद उघडताना तिच्या मनात एकच होतं, की हा माणूस खोटा निघू दे. काहीतरी घोटाळा होऊन आपले मामा सुटू देत. नोंद समोर आली. सहा सोमवार. प्रत्येक सोमवारी कॉम्प्युटर दोनदा सुरू झालेला, एकदा नव्या कर्नलवर आणि काही मिनिटांनी जुन्यावर. तिच्या वहीतली वेळ आणि यंत्राच्या नोंदीतली वेळ तंतोतंत जुळत होती. ज्या वेळी सगळे भिंतीकडे तोंड करून श्वास सोडत होते, त्या वेळी मामा चादरीखाली एक बटण दाबत होते.

तरी तिने एक संधी दिली. संध्याकाळी मामांसमोर जाऊन बसली.

"मामा, तो कार्डवाला माझ्यासाठी काही लिहून देऊन गेला होता का?"

मामांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. पापणीही लवली नाही.

"छे गं. असतं तर तुला दिलं नसतं का?"

ती "बरं" म्हणाली आणि उठली. घरी गेल्यावर मात्र खूप रडली. आईने कारण विचारलं तेव्हा तिला सांगताही येईना, कारण ज्याने फसवलं तो आईचा भाऊ होता.

पुढच्या सोमवारी पुन्हा तीच गर्दी. मामांनी चादर झटकली. तेवढ्यात ताई प्लास्टरचे हात धुऊन आत आली आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "आज मी उतरवते नजर. चादर नको. आणि कृपा करून डोळे उघडे ठेवा."

"हिला बाहेर काढा," मामा म्हणाले. "यंत्र कायमचं जाईल."

"एकदा बघू दे की," दारातून सुतार म्हणाला. "माझा पाय अडलाय हिच्यामुळे का आणखी कशामुळे, ते तरी कळेल."

मोठ्या बाईंनी मान हलवली. ताईने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि बटण दाबून धरलं. यादी आली. "हा नवा, हा जुना," ती मोठ्याने म्हणाली. जुना निवडला. स्क्रीन उजळली. कुणी "आली" म्हणून ओरडलं नाही, कारण कशी आली ते सगळ्यांना दिसलं होतं.

"हा झाला मामांचा चमत्कार," ताई म्हणाली. "आता पुढचं, जे त्यांनी सहा सोमवार केलं नाही." तिने राहिलेल्या फाइली आणल्या, ड्रायव्हर जुळवला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. या वेळी तिने हात मागे बांधले. कुठलंही बटण नाही, यादी नाही. नव्या कर्नलवर स्क्रीन सरळ उजळली आणि पाय फिरायला लागला.

मामांचा चेहरा पडला होता.

"मामा, माझी चिठ्ठी द्या."

मामांनी शर्टाच्या खिशातून घड्या पडून मऊ झालेला कागद काढला. वरती मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ताईंसाठी.

"चिठ्ठी तुमच्याजवळ ठेवलीत ते समजू शकते," ताई म्हणाली. "तुम्हाला वाटलं असेल, आता आपल्याला कोण विचारतो. पण दोष माझ्यावर का घातलात? मीच का?"

मामा हळूच म्हणाले, "तू वही ठेवतेस. बाकीच्यांची भीती नव्हती. तू शोधून काढशील, हे मला माहीत होतं."

"तुम्हीच शिकवलंत ते," ताई म्हणाली.

मोठ्या बाईंनी गेल्या सोमवारी जोडलेल्या हातांची आठवण होऊन स्वतःचे हात मागे घेतले आणि त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. एका पायाचं माप आपण दोनदा घेतो. आणि एका बाईवर ठपका ठेवताना एकदाही तपासून पाहिलं नाही."

"तेवढंच लक्षात ठेवा," ताई डोळे पुसून सगळ्यांना म्हणाली. "काल चालणारी वस्तू आज बंद पडली, तर मधे काय बदललं ते आधी विचारा. लिहून ठेवा, ताडून बघा. यंत्राला तुमची श्रद्धा कळत नाही आणि शंकाही बाधत नाही. आणि भलं करतो म्हणून कुणी डोळे मिटायला सांगितलं, मग तो कितीही जवळचा असो, तर मिटू नका."

तिने चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी टेबलामागच्या भिंतीला चिकटवली. वरचं स्वतःचं नाव खोडून तिथे 'सगळ्यांसाठी' असं लिहिलं. मग सुताराला आत बोलावलं, टेप काढला आणि त्याचं माप घ्यायला बसली.

मामा चादरीची घडी घालत दारात थांबले. "चहा घेतेस?" त्यांनी विचारलं. बारा वर्षं ते रोज याच वेळेला विचारायचे.

"नको," ताई म्हणाली, आणि वहीत वेळ लिहून माप दुसऱ्यांदा घेतलं.