भाविकच्या नावचा नारळ

“अरं, पण तो गच्चीवरून पडला, त्याचा पुढं काय झाला?” गुणाबाईने विचारले. तिच्या मते ती हळूच बोलली होती, पण जन्मभर या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय. मागच्या दोन रांगा हसल्या.

भाविकने कपाळाला हात लावला. हा सिनेमा तो तिसऱ्यांदा पाहत होता आणि ऐन वेळी त्याच्या मित्राने, हितेशने, टांग दिल्यामुळे आईला घेऊन आला होता. पडद्यावर काळ्या कपड्यांतला, अर्धा चेहरा झाकलेला एक माणूस शहरभर फिरत होता. त्या शहरात दिवस म्हणून उजाडतच नव्हता. टोळीच्या म्होरक्याचे नाव काढून घेण्यासाठी त्याने एका भुरट्या चोराला गच्चीवरून उलटे लटकवले आणि नाव कळताच पाय सोडून दिला. थिएटर शिट्ट्यांनी दणाणले. गुणाबाईचा हात तेवढा तोंडावर गेला.

परतताना मोटारसायकलवर मागे बसूनही तिने विषय सोडला नाही. त्याला हिरो म्हणायचे की गुंड, एवढेच तिला कळायला हवे होते. भाविकने समजावले की हल्लीचे सुपरहिरो असेच असतात, ना धड चांगले ना धड वाईट, आणि खरी मजा त्यातच असते. पोलीस विकले गेलेले, कोर्टात नुसत्या तारखा, मग कुणीतरी आपले हात घाण करायला नकोत? शेवटी त्याने शहर वाचवलेच ना.

“आन् तो पडलेला?”

“आय, तो साइड रोल होता,” भाविक म्हणाला. “त्याचा काय घेऊन बसलीस?”

त्यांच्या गावी, अंजूरला, गुणाबाईची चहा-भाकरीची टपरी एका गोदामाच्या फाटकाशी होती आणि ते गोदाम तिच्याच भातखाचरावर उभे होते. जमीन तिच्या नवऱ्याने, दौलतने विकली. आलेला पैसा त्याने दोन वर्षांत उडवला आणि पाठोपाठ स्वतःही गेला. मागे राहिली टपरीची जागा आणि भाविकला त्याच गोदामात मिळालेली सुपरवायझरची नोकरी. गुणाबाई त्यावरून रडत बसणारी बाई नव्हती. पूर्वी इथे भात पिकायचा, आता खोकी पिकतात, असे ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि पुढची भाकरी थापायची.

पण गेले काही महिने खोकी फुटत होती. आतले मोबाइल गायब होत होते. गोदामाला माणसे पुरवणाऱ्या कंत्राटदाराने गावच्या पोरांना सरळ ऐकवले की चोर सापडला नाही तर तुम्ही सगळे घरी बसा, मी बाहेरची माणसे आणतो. भाविकचे लग्न ठरायच्या बेतात होते. नोकरी गेली असती तर सोयरीकही गेली असती.

मग एक दिवस गावातल्या सगळ्या फोनवर एक व्हिडिओ आला. गुणाबाईला तो तिच्या मुलीने, हेमालीने दाखवला. गोदामाची मागची बाजू, तिन्हीसांजेची वेळ, तोंडाला काळे फडके बांधलेली चार पोरे आणि मधे रामसजीवन हमाल. हा रामसजीवन टपरीवरचे रोजचे गिऱ्हाईक, गुणाबाईला मौसी म्हणणारा. त्याच्या सदऱ्यातून मोबाइलचे डबे खाली पडले. त्याने हात जोडून चोरी कबूल केली. तिथे सगळे थांबायला हवे होते. पण चौघांतल्या उंच पोराने घोगऱ्या आवाजात हिंदीत काहीतरी म्हटले, त्याचा हात ओट्यावर दाबून धरला आणि लोखंडी सळई घातली. मागे सिनेमातले तेच संगीत लावले होते.

सळई खाली येण्याआधी त्या पोराचा डावा खांदा वर गेला. हात उगारताना दौलतचा खांदा असाच वर जायचा. तो खांदा गुणाबाईइतका दुसऱ्या कुणी ओळखणे शक्य नव्हते.

“बरा झाला, चोरच होता मेला,” हेमाली म्हणाली. गुणाबाईने फोन परत दिला. चोर तर तो होताच, आणि तिची खरी पंचाईत तीच होती. रामसजीवन निर्दोष असता तर तिने भाविकला कानाला धरून चौकीत नेले असते. आता मात्र गोदामातली चोरी थांबली होती, कंत्राटदार खूश होता, आणि गाव त्या काळ्या फडक्यांचे गुण गात होते. तिला दोन दिवस अन्न गोड लागले नाही.

पोलीस आले. तोंडे झाकलेली होती, कुणाचे नाव घेऊ, असे रामसजीवनने इस्पितळात सांगितले होते. तरी साहेब म्हणाले, नावे द्या, नाहीतर गावची सगळी पोरे उचलतो. तेव्हा गावकीचे पंच लडकूदादा यांनी गावदेवीच्या देवळात गाव जमवले. ज्याच्यावर संशय, त्याने देवीपुढचा नारळ उचलून आपण त्यात नव्हतो अशी शपथ घ्यायची. घेतली की तो सुटला आणि सगळे गाव त्याच्या पाठीशी. नारळ खोटा उचलला तर वर्ष सरायच्या आत देवी उचलणाऱ्याकडून त्याची किंमत वसूल करते, अशी अंजूरची पक्की श्रद्धा. हितेश तेवढ्यात शहाणपणा करून खारबावला मामाकडे निघून गेला होता.

भाविकचे नाव पुकारले गेले. माणसाचा हात मोडताना न कचरलेला तो पोर नारळापुढे गेला आणि त्याच्याने तो उचलवेना. गुणाबाईला त्याची चीड आली आणि कीवही. ती बायकांतून उठली.

“लडकूदादा, बिनलग्नाच्या पोराचा नारळ आयने उचलला तं चालतंय ना?”

रीत जुनी होती. पूर्वी पोरे होड्या घेऊन खाडीत गेलेली असत, तेव्हा त्यांच्या नावचा नारळ आई उचलायची. म्हाताऱ्या ठकुबाईने होकार दिला, लडकूदादांनी मान हलवली. पोराच्या नावचा नारळ आईने उचलला, की देवी वसूल करणार ते आईकडून. हे देवळात सगळ्यांना ठाऊक होते, भाविकलाही होते. तो बाजूला सरकला. तो ‘नको’ म्हणेल म्हणून गुणाबाई क्षणभर थांबली होती, पण त्याने खाली पाहिले.

“माझा पोऱ्या त्या सांजच्याला माझ्यापाशी व्हता,” ती म्हणाली आणि नारळ उचलला. नारळ नेहमीच्याच वजनाचा होता.

घरी आल्यावर भाविकने तिचे पाय धरले. तिने विचारले, पुन्हा करशील का. तो म्हणाला, “आय, पण चोऱ्या थांबल्या का न्हाय, सांग.” तिने त्याला जेवायला वाढले, कारण ते तेवढे तिला येत होते.

रामसजीवन टपरीवर आला तो हात गळ्यात बांधून. मुलखाला निघालो आहे, म्हणाला. त्याने भाकरी मागितली. तिने गरम भाकरीचे तुकडे करून, त्यावर कालवण घालून ताटली त्याच्यापुढे ठेवली, पण त्याच्याकडे पाहिले नाही. तो डाव्या हाताने सावकाश खाऊ लागला.

“सुना आपने नारियल उठाया,” तो म्हणाला.

“हां.”

“काहे को उठाया, मौसी? आवाज तो हमने उसी बखत पहचान ली थी. पुलिस कितनी बार पूछी, हमने नाम नहीं लिया. लेते भी नहीं. चोरी हमने की थी, और आपके हाथ का खाया है.”

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते, असे गुणाबाईला वाटले. पोराला वाचवायला तिने देवीपुढे खोटे सांगितले होते, आणि ज्याचा हात मोडला त्याने तिच्या पोराला त्याआधीच सोडून दिले होते. तव्यावरची भाकरी जळाली तरी तिला कळले नाही.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. भाविक चहाला म्हणून उतरला आणि बाकावर कोण बसले आहे ते पाहून जागीच खिळला. रामसजीवननेही त्याला पाहिले. मग त्याने ताटली मांडीवर घेतली, दुखरा हात पोटाशी धरला आणि बाकावर जरा सरकून भाविकसाठी जागा केली.