चमच्यांचा वाफा

फिटर निवृत्त झाला तरी सगळे त्याला फिटरच म्हणत. बायको गेल्यावरही त्यात फरक पडला नाही. फरक एवढाच पडला, की मागच्या बागेत पाय ठेवायला आता कोणाची परवानगी लागत नव्हती.

बायको होती तोवर बागेतलं त्याचं काम म्हणजे नळ दुरुस्त करणं आणि छाटणीच्या कात्रीला तेल देणं. बाकी तो खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचा.

"गुलाब फार छाटलास."

"तुमचे केस कापते तेव्हा बोलता का काही?"

त्याचे केस तीच कापायची.

थंडी सरत आली तसं त्याने मनावर घेतलं. गुलाबाच्या वाळक्या फांद्या काढल्या, पाचोळा खड्ड्यात टाकला, कुंड्यांची माती हलवली. भिंतीकडेच्या लांब वाफ्यात तर त्याला घबाडच सापडलं. मातीत चमचे रोवलेले होते, नुसते दांडे वर. घरातले चमचे कमी का होतात, यावरून नवरा-बायकोचं कायम वाजायचं. तो म्हणायचा, तू खरकट्याबरोबर फेकतेस. ती म्हणायची, असेल. आता पुरावाच हाती लागला होता. त्याने झाडून सगळे चमचे उपटले, घासले, पुसून ड्रॉवरमध्ये लावले. ड्रॉवर भरला. हे कोणाला तरी दाखवावं म्हणून तो वळला आणि मग त्याने ड्रॉवर बंद केला.

दुसऱ्या दिवशी वाफा खणायला तो कुदळ घेऊन गेला. कुंपणापलीकडे शेजारची नर्स कपडे वाळत घालत होती. ती बायकोची मैत्रीण.

"भावोजी, चमचे कुठे गेले?"

"ड्रॉवरमध्ये. घासून ठेवलेत."

नर्सने हातातला चिमटा दोरीला लावला. "एकेका चमच्याखाली निशिगंधाचा कंद आहे. थंडीत झोपतात ते, वर काही दिसत नाही. म्हणून ती खूण करायची."

"मला नाही बोलली."

"तुम्ही बागेत हात घालाल, असं तिला कुठं वाटलं होतं?"

फिटरने कुदळ हळूच खाली ठेवली, जणू तिचा आवाज झाला तर कंद जागे होतील.

"आता?"

"आता काही करू नका. ऊन तापलं की येतील वर. पाणी थोडंच घाला, नाहीतर कुजतील."

"आणि नाहीच आले तर?"

"मी माणसांची नर्स आहे हो. माणसांचंही सांगता येत नाही."

काही न करणं हे काम फिटरला कधी जमलं नव्हतं. त्यात रविवारी मुलगी आली. तिने सगळी बाग पाहिली आणि लांब वाफ्यापाशी थांबली.

"बाबा, इथे नुसती माती आहे. फरशी करून घेऊ. तुमचा पाय तरी मुरगळायचा नाही."

"त्यात कंद आहेत आईचे."

"कुठे?"

"ते माहीत नाही."

"मग आहेत कशावरून?"

"चमचे होते."

मुलीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "गोळ्या घेता ना वेळेवर?"

शेवटी ऊन तापेपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर काही उगवलं नाही तर गवंडी येणार.

फिटर रोज सकाळी वाफ्यापाशी उकिडवा बसू लागला. हिरवं काही दिसलं की तो त्याला जपायचा, न जाणो तोच कंद असेल. महिन्याभरात वाफा भरून गेला.

"एवढ्या मायेने गवत वाढवलेलं मी पहिल्यांदा बघतेय," नर्स म्हणाली आणि कुंपण ओलांडून आली. दोघांनी मिळून गवत उपटलं. नळाकडच्या टोकाला नर्सचा हात थांबला. मातीतून अरुंद, बुडाशी लालसर पात्यांचा एक झुबका वर आला होता.

फिटर उठला, घरात गेला, चमचा आणला आणि त्याच्याशेजारी रोवला. मग त्याने नाक शिंकरलं.

पुढच्या आठवड्यात आणखी आले, कुठे एका कंदाचे दोन-तीन झुबके, आणि प्रत्येकाशेजारी त्याने चमचा रोवला. काही आलेच नाहीत. एके ठिकाणी त्याने बोटाने उकरलं, तर कंद मऊ पडला होता. पाणी जास्त झालं असणार. ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

ठरल्याप्रमाणे मुलगी गवंड्याला घेऊन आली. फिटरने चहा ठेवला. मुलीने साखरेसाठी ड्रॉवर उघडला.

"बाबा, चमचे कुठे?"

"बागेत."

ती खिडकीपाशी गेली. भिंतीकडेच्या वाफ्यात चमच्यांचे दांडे उन्हात चमकत होते आणि प्रत्येकाशेजारी हिरवी पाती होती.

फिटरने गवंड्यापुढे स्क्रू ड्रायव्हर धरला. "घ्या, धुतलाय."

गवंड्याने चहा ढवळला. "फरशी कुठं घालायचीय?"

"नळाखाली," मुलगी पाठमोरीच म्हणाली. "तिथं चिखल होतो."

फिटरने मान डोलावली. नळाचं काम पहिल्यापासून त्याच्याकडेच होतं.