काळ्या वायरींच्या गाठी

दादा गाडी घेऊन आला तेव्हा ठिणगी एका टेम्पोखाली आडवी पडून स्टार्टरची वायर बदलत होती. गाडी कोणाची ते तिने आवाजावरूनच ओळखलं. बाबांची ती जुनी गाडी बंद करताना एकदा खाकरायची आणि बाबा तिला म्हणायचे, "बस कर आता, म्हातारे." ठिणगी मुद्दामच बाहेर आली नाही. टेम्पोखालून तिला नुसते पॉलिश केलेले बूट दिसत होते, जमिनीवरचे तेलाचे डाग चुकवत जवळ येणारे. येऊ दे, म्हणाली ती मनात. बाबा गेल्यापासून एकदाही पाय वळले नाहीत इकडे, आज बरे वळले.

"अगं, आहेस का आत?"

"आहे. मेले नाही अजून."

ठिणगी हे नाव बाबांनीच पाडलेलं. वायरिंगचं वेड आणि नाकावर राग, अशा मुलीला दुसरं काय म्हणणार? सगळी कला ती बाबांच्या हाताखाली शिकली, मग परगावी बसच्या डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून लागली. बाबा गेल्यावर नोकरी सोडून परत आली आणि हे भाड्याचं गॅरेज थाटलं. दादाने वायरीला कधी बोट लावलं नाही. त्याचं नळांचं आणि फरशांचं दुकान होतं, मोठं, काचेचं, आत शिरलं की गारवा. बाबांचं आजारपण त्याच्याच घरी झालं. आणि ठिणगीला फोन आला तो बाबा गेल्यावर.

आधी का कळवलं नाहीस, असं तिने तेव्हा विचारलं तर दादा म्हणाला, "सगळं इतकं झटपट झालं." झटपट कसलं? शेजारच्या काकूंनी तिला नंतर हळूच सांगितलं की बाबा चांगले महिनाभर अंथरुणाला खिळून होते, आणि मुलगी कशी दिसत नाही असं कोणी विचारलं की दादा म्हणायचा, "बोलावलं हो, पण तिला सवड नाही." हे ऐकल्यापासून ठिणगीच्या पोटात जो निखारा पडला तो विझला नव्हता. लोकांना काय वाटलं याच्याशी तिला घेणं नव्हतं. बाबांनाही हेच सांगितलं का? त्यांनी शेवटी तिची आठवण काढली का? ती येत नाही हे त्यांना खरंच वाटलं का? त्या खोलीत बाबांजवळ दादाशिवाय कोणी बसत नव्हतं. वहिनीसुद्धा म्हणायची, मला आत जाऊच देत नव्हते गं हे.

ठिणगी टेम्पोखालून बाहेर आली, हात पुसले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. रंग नवा, आरशासारखा. आतल्या गाद्या नव्या.

"रोग काय?"

"इंडिकेटर. डावा दिला की चारही दिवे लुकलुकतात, उजवा दिला तरी तेच. चारही दिवे एकदम लावायचा तो हॅझर्डचा खटका तर बंदच. चार जणांना दाखवली. सगळे बॉनेट उघडतात आणि डोक्याला हात लावतात. म्हणतात, सगळ्या वायरी काळ्या, कोण कुठली कळणार कशी?"

ते खरं होतं. बाबांनी ही गाडी नव्याने वायर केली तेव्हा एका बंद पडलेल्या कारखान्यातून काळ्या वायरीचं मोठं भेंडोळं आणलं होतं. रंगीत वायरीचे लाड त्यांना परवडत नव्हते. मग ओळखायचं कसं? प्रत्येक वायरीच्या टोकाला दोरा. डावीकडच्या वायरीला एक गाठ, उजवीकडच्या वायरीला दोन, ब्रेकच्या वायरीला तीन, आणि फ्लॅशरच्या, म्हणजे दिवे लुकलुकवणाऱ्या डबीच्या वायरीला नुसता वेढा, गाठ नाही. बाबा म्हणायचे, डॅशबोर्डखाली डोकं घातल्यावर डोळ्यांचा उपयोग काय, बोटांना कळलं पाहिजे.

ठिणगीने स्टिअरिंगखाली हात घातला. गाठी नव्हत्या. तिने दोनदा चाचपलं.

"दोरे कुठायत?"

"ते होय, काढून टाकले मी," दादा म्हणाला. "घाण दिसत होते. कळकट दोरे लोंबत होते सगळीकडे. एवढ्या महागाच्या गाद्या बसवल्या आणि खाली चिंध्या?"

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचं अख्खं डोकं त्या दोऱ्यांत होतं, आणि ह्या शहाण्याने ते कात्रीने कापून केरात टाकलं. तिने वायरीत वीज आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प काढला.

"रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, त्याआधी झाली पाहिजे," दादा म्हणाला. "आणि हे बघ, दिसायला अगदी बाबांनी केलं होतं तसंच दिसलं पाहिजे. जुनं ते जुनं. नवीन रंगीबेरंगी काही नको." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि कुठे बोलू नकोस. मी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेल्या गाड्यांच्या गटात नाव दिलंय."

"कोणाच्या हाताने?"

"अगं, म्हणायला. सगळे तसंच करतात. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा पुढचा अध्यक्ष त्या गटातून निवडतात, दुकानाचं नाव होतं. तुला काय फरक पडतो?"

ठिणगीने टेस्ट लॅम्प खाली ठेवला. "करून देते. तुझं काही नको मला. एकच सांग. बाबांनी शेवटी मला विचारलं होतं का?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. तो गिऱ्हाईक ओळखणारा माणूस होता. समोरच्याला काय हवंय ते कळलं की त्याच्या चेहऱ्यावर एक गोडवा पसरायचा, तो आत्ता पसरला.

"गाडी होऊ दे," तो म्हणाला. "मेळावा पार पडला की सांगतो. सगळं सांगतो, निवांत बसून."

म्हणजे बाबांचे शेवटचे शब्द ह्याने गल्ल्यात ठेवले होते. काम झालं की माल मिळेल. ठिणगी काहीच बोलली नाही, आणि ती गप्प बसली की घाबरायचं असतं हे बाबांना माहीत होतं, दादाला नव्हतं.

काम तिने अगदी जीव लावून केलं. आधी हॅझर्डच्या खटक्यामागे पाहिलं, तिथे कोणीतरी दीडशहाण्याने डावी आणि उजवी वायर एकत्र पिळून ठेवली होती. डाव्याला वीज दिली की ती उजव्यात जाणारच, मग चारही दिवे का नाही लुकलुकणार? ते सोडवलं. मागच्या उजव्या दिव्याचं अर्थिंग नव्या रंगाखाली दडपलं गेलं होतं, तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला. मग एकेक वायर टेस्ट लॅम्पने शोधत, मागून पुढे, पुढून मागे, तिने सगळ्या ओळखल्या. या गाडीत ब्रेकचा आणि इंडिकेटरचा मागचा दिवा एकच, त्यामुळे ब्रेकची वायरही स्टिअरिंगखालच्या, वायरी जोडायच्या पट्टीतूनच जायची. तिथे चूक झाली की सगळाच गोंधळ.

मग तिने दोरा काढला. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी, वेढा. जसं बाबांनी केलं होतं अगदी तसंच, दादाच्याच शब्दांत. ज्या मुलाने बापाशेजारी एक दुपार बसून काढली असती त्याला ते सहज वाचता आलं असतं. दादाला त्यातलं ओ की ठो कळणार नव्हतं, आणि ते तिला पुरेपूर माहीत होतं. गाठी मारताना तिला इतका आनंद होत होता की ती चक्क शीळ घालत होती.

एवढ्यावर ती थांबली नाही. मेळाव्याचे परीक्षक म्हणजे वाहन तपासणीतले निवृत्त इन्स्पेक्टर, त्यांची मोपेड ठिणगीकडेच यायची. त्या आठवड्यात ते हेडलाइट दाखवायला आले तेव्हा ती सहज म्हणाली, "माझ्या भावाची गाडी आहे बरं का रविवारी. इंडिकेटरचं वायरिंग जरूर बघा. तसं काम तुम्ही कुठे पाहिलं नसेल."

"भावाने केलंय?"

"तो तसंच म्हणतो," ती म्हणाली आणि बल्ब बसवू लागली.

रविवारी मैदानावर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. दादा कोट घालून बाबांच्या गाडीला टेकून उभा होता, भोवती दुकानाची गिऱ्हाइकं, क्लबची मंडळी, वहिनी. ठिणगी धुतलेल्या कपड्यांत आली होती पण नखांतलं काळं गेलं नव्हतं. दादाने तिला पाहिलं आणि जरा चपापला, मग लांबूनच हात केला.

इन्स्पेक्टर आले, बॉनेट पाहिलं, दिवे पाहिले. डावा इंडिकेटर, उजवा, हॅझर्ड, सगळं ठणठणीत. दादाची छाती फुगली.

"सुंदर," इन्स्पेक्टर म्हणाले. "आता आमच्या गटाची नेहमीची परीक्षा." त्यांनी स्टिअरिंगखाली हात घातला आणि पट्टीतल्या चार वायरी उपटून काढल्या. "लावा परत. तुम्हीच केलंय म्हटल्यावर चुटकीसरशी होईल."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. ही परीक्षा असते हे त्याने नियमांत वाचलंच नव्हतं, त्याला वाटलं होतं कपडे झटकून उभं राहिलं की झालं. तो खाली वाकला. कोट वर चढला, शर्ट बाहेर आला. आतून खूप वेळ नुसता खुडबुडण्याचा आवाज येत राहिला. शेवटी लाल तोंडाने तो बाहेर आला आणि त्याने चावी फिरवली.

कोणी कशाला हात न लावता मागचे दोन्ही दिवे लुकलुकायला लागले. त्याने इंडिकेटरची दांडी डावीकडे केली तर उजवा दिवा लुकलुकत राहिला. ब्रेक आणि फ्लॅशर उलटे लागले होते. मागे उभ्या असलेल्यांत हशा पिकला, कोणीतरी म्हणालं, "साहेब डावीकडे वळणार, आपण उजवीकडे पळा!"

"हे दोरे कशाला?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"ते... शोभेला," दादा म्हणाला.

"डॅशबोर्डच्या खाली? शोभेला?" आता तर क्लबचे लोकही हसले. इन्स्पेक्टर मात्र हसले नाहीत. "मी सरळ विचारतो. हे काम तुम्ही केलंय?"

नाही म्हण, ठिणगीला वाटलं, आणि हो म्हण, असंही वाटलं, त्याहून जोरात.

"हो," दादा म्हणाला. "मी स्वतः."

ती पुढे झाली. गुडघ्यावर बसली, हात आत घातला आणि सगळ्यांकडे तोंड करून, वायरींकडे न बघता, बोटांनी गाठी मोजत चारही वायरी लावल्या. चावी फिरवली. डावा, उजवा, ब्रेक, हॅझर्ड. "मी ह्यांची बहीण," ती म्हणाली. "गाडी मी केलीय. गाठी आमच्या बाबांच्या आहेत. ह्यांनी त्या कापून टाकल्या होत्या. आणि माझ्याबद्दल, बाबांच्या आजारपणाबद्दल ह्यांनी जे जे सांगितलंय ना तुम्हाला, तेही सगळं असंच आहे. हा माणूस खोटारडा आहे."

शेवटचं वाक्य तिने मोठ्याने म्हटलं. ते कितीतरी दिवस तिच्या घशाशी येऊन थांबलं होतं. काकूही तिथे होत्या, त्यांनी मान डोलावली. इन्स्पेक्टरांनी गाडीवरचा स्पर्धेच्या क्रमांकाचा बिल्ला काढून खिशात टाकला. दुकानाची गिऱ्हाइकं इकडेतिकडे बघत पांगली आणि वहिनी पदराने तोंड पुसत लांब जाऊन उभी राहिली. दादा एकटाच उरला. ठिणगीला वाईट वाटायला हवं होतं. तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं, भूकसुद्धा लागली.

दादा गाडीत बसला. ती खिडकीपाशी गेली. आता तिला तिचं दुसरं येणं वसूल करायचं होतं.

"मेळावा झाला," ती म्हणाली. "सांग आता. बाबांनी विचारलं होतं का मला?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर गोडवा नव्हता, राग होता, अगदी तिच्यासारखाच. दोघांनाही तो एकाच घरातून मिळाला होता.

"रोज विचारायचे," तो म्हणाला. "दार वाजलं की मान वळवायचे. ठिणगी आली का रे, म्हणायचे. तू येत नाहीस हे त्यांनी कधीच खरं मानलं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने खिडकीची कड धरली.

"नाहीतर असं," तो त्याच आवाजात म्हणाला. "एकदाही विचारलं नाही. तुझं नाव निघालं की भिंतीकडे तोंड करायचे. शेवटपर्यंत."

"दादा."

"दोन्ही सांगितलं. ह्यातलं एक खरं आहे. मी खोटारडा आहे ना? तूच सांगितलंस सगळ्यांना. मग आता ओळख तू."

"दादा, हे असं नको. खरं काय ते सांग," ती म्हणाली, आणि विनवणीचा तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "शपथ घेऊन सांग."

"माझ्या शपथेवर विश्वास ठेवशील?"

त्याने शपथ घेतली असती तरी तिने ती मानली नसती, आणि हे दोघांनाही कळत होतं. त्याने काच वर करायला घेतली. जुन्या गाडीची काच हँडल फिरवून वर करावी लागते, तिला वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ ती वाकून त्याच्या चेहऱ्यात शोधत राहिली, दोन्हींतलं कुठलं, आणि त्याने एकदाही मान वळवली नाही.