सत्कार या शब्दाखालचं कात्रण

लीलाधर वकिलांना, म्हणजे आमच्या नानांना, मूर्ख म्हणणं अन्यायाचं होईल. मूर्ख माणूस कधीमधी दुसऱ्याचं ऐकतो तरी. धुळ्याच्या आमच्या वाचनालयाचे ते चिटणीस, आणि मी, चुडामण, तिथला कारकून. १९२८ साली ते मुंबईहून एक पद्धत शिकून आले. वर्तमानपत्रांतला मजकूर कापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि ठरलेल्या विषयशब्दाखाली कपाटात लावायचा, म्हणजे वाचकाला हवं ते चुटकीसरशी सापडतं. कल्पना चांगलीच होती. फक्त ती नानांच्या हाती पडली होती.

नानांनी एकशे चाळीस शब्दांची यादी केली. त्यात ‘कपाशी’ नव्हती, ‘कृषिउद्योग’ होता. एरंडोलचा एक शेतकरी कपाशीवरच्या किडीचं काही छापून आलंय का विचारत आला, खणांवरच्या पाट्या वाचून गोंधळला आणि चपला घालून निघून गेला. मी म्हटलं, “नाना, ‘कपाशी’ अशी एक चिठ्ठी लावू, तिच्यावर लिहू, कृषिउद्योग पाहा.”

“अडाण्यांच्या शब्दांना माझ्या यादीत पाट मांडायचा नाही,” नाना म्हणाले. “पाहा-बिहा काही लिहायचं नाही. लोकांनी शब्द शिकावेत.”

लोकांनी शब्द शिकले नाहीत, यायचं सोडलं. नाना म्हणाले, आता कपाट नीटनेटकं राहतं.

नानांना सरकारकडून रावसाहेब ही पदवी हवी होती, हे गावातल्या टांगेवाल्यांनाही माहीत होतं. म्हणून यादीत सभा नव्हती, सत्याग्रह नव्हता, तुरुंग नव्हता, खादीसुद्धा नव्हती. यादीत शब्द नसेल तो मजकूर कापायचा नाही, हा नियम. उरलेले कागद महिन्याच्या शेवटी फुटाणेवाल्याकडे जात. तीन वर्षं खानदेशात काय काय घडलं, ते गावानं फुटाण्यांबरोबर चघळून टाकलं. आणि कात्री माझ्या हातात होती. पंधरा रुपये पगारासाठी मी मान डोलवत राहिलो, त्याची लाज मला आजही वाटते.

‘सत्कार’ हा शब्द मात्र यादीत होता. त्याखाली अकरा पुठ्ठे, त्यांतले नऊ खुद्द नानांचे.

१९३१च्या उन्हाळ्यात हसीनाबी आली. तिचा नवरा गफूर छापखान्यात खिळे जुळवायचा. चोपड्याच्या सभेतलं एक भाषण त्यानं हस्तपत्रकात छापलं, म्हणून पोलिसांनी त्याला धरलं होतं. आरोप असा की, सरकारविरुद्धचं ते वाक्य त्यानं मनानंच घुसडलं.

“भाऊ, पेपरमा व्हतं तेच तेस्नी छापं,” ती म्हणाली. “पोलीस बठ्ठा पेपर लई गयात. आमनाजोडे एकबी नही शे. वकील म्हने, पेपर दखाड, मंग सुटी जाई. परवा तारीख शे.”

भाषण ज्या अंकात छापून आलं होतं, त्या साप्ताहिकाचं नाव आणि तारीख तिनं सांगितली. त्या अंकावर सरकारनं तेव्हा खटला भरला नव्हता, पण आता साप्ताहिकही बंद पडलं होतं. मी यादी उघडली. सभा नाही. भाषण नाही. चोपडाही नाही. अंक तर केव्हाच फुटाणेवाल्याकडे गेला असणार. “नाही, बाई,” असं म्हणायला तोंड उघडलं आणि मला आठवलं. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर नानांचा सत्कार होता, छायाचित्रासकट. अंकाचं नाव आणि तारीखही राहू दे, असं नानांनी बजावलं होतं. कागदाला दोन बाजू असतात. भाषण पाठीमागच्या पानावर होतं.

मी पुठ्ठा घेऊन नानांकडे गेलो. एका माणसाच्या तुरुंगाचा प्रश्न आहे, पुठ्ठा भिजवून कागद सोडवू द्या, म्हणालो.

“त्या पुठ्ठ्यावर माझा सत्कार आहे. दुसरं काही नाही,” नाना म्हणाले.

“पाठीमागं भाषण आहे, नाना.”

“भाषण हा शब्द यादीत आहे का?”

“नाही.”

“मग भाषण नाही. पुठ्ठा जागेवर ठेव. भिजवलास तर नोकरी गेली समज.”

हे बोलताना ते पुठ्ठ्यावरचं स्वतःचं छायाचित्र बघत होते. इतका किळसवाणा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तीन वर्षं मी त्याला नमस्कार करत आलो होतो.

मी परातीत कोमट पाणी घेतलं आणि पुठ्ठा त्यात ठेवला. खळ मीच शिजवली होती, ती कशी सुटते मला ठाऊक होतं. हसीनाबी समोर बसून होती. कागद हळूहळू सुटला. भाषणाचा शेवट माझ्याच कात्रीनं उडवला होता. ते वाक्य राहिलंय की नाही, हे बघायला मी ओला कागद उलटा पसरला. वाक्य होतं. अक्षर न् अक्षर.

तारखेला मॅजिस्ट्रेटनं कागद आणि पत्रक शेजारी शेजारी ठेवून वाचलं, मग कागद उलटला. हार घातलेले नाना वर आले. “हे गृहस्थ कोण?” त्यानं विचारलं. गफूरच्या वकिलानं नाव, हुद्दा, वाचनालय, सगळं सांगितलं. मॅजिस्ट्रेटनं ते लिहून घेतलं. गफूरला ताकीद देऊन सोडलं आणि कागद पुराव्यात ठेवून घेतला. सरकारविरुद्धच्या भाषणाच्या पाठीशी नाना कायमचे दप्तरात गेले. रावसाहेबकीचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

नोकरी गेली, ते ठरलेलंच होतं. किल्ल्या देण्याआधी मी सत्काराचा खण उघडला, रिकाम्या पुठ्ठ्याच्या जागी एक चिठ्ठी लावली. तीन वर्षांत त्या कपाटात लागलेली ही पहिलीच तसली चिठ्ठी. ठळक अक्षरांत लिहिलं: “लीलाधर वकील यांचा सत्कार – फौजदारी कोर्टाचं दप्तर पाहा.”