टॅग सापडला

दादाने दुकान बंद करायचं ठरवलं, तेव्हा धाकट्या बहिणीला आधी त्याचाच राग आला. तीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, आणि वेबसाइट काढून आठ महिन्यांत एकही नवं गिऱ्हाईक आलं नाही म्हणून हाय खातो! वेबसाइट तिनेच बनवली होती, हेही रागाचं एक कारण होतं.

दुपारी एक कारखानदार दादाची सगळी हत्यारं घेऊन जाणार होता. गिऱ्हाईक का येत नाही, याचं कारण तोवर हाती लागतंय का बघावं म्हणून तिने तेलाचे डबे सरकवून दुकानातच लॅपटॉप मांडला.

तिने स्वतः लिहिलेली एक छोटी जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबसाइटचं पान तपासणारा प्रोग्रॅम होता, आणि त्याचा तिला कोण अभिमान! पानाच्या माथ्यावर मेटा टॅग असतात. वाचणाऱ्याला ते दिसत नाहीत, पण पान कशाबद्दल आहे, शोधयादीत घ्यायचं की नाही, हे ते सर्च इंजिनला सांगतात. कोणते टॅग आधीपासून आहेत ते स्क्रिप्ट बघायची आणि नसतील तेवढेच घालायची. आधी लिहिलेल्याला हात लावायचा नाही, हा बाईंचा बाणा. दर आठवड्याला दादाच्या पानावर ती स्क्रिप्ट चालवायची. वर्णन, सापडलं. रोबोट्स, सापडला. हिरव्या खुणा बघून ती निर्धास्त व्हायची.

आज तिने पहिल्यांदाच टॅगमध्ये लिहिलंय काय, ते छापून बघितलं.

'रोबोट्स'समोर होतं 'नोइंडेक्स'. म्हणजे हे पान यादीत घेऊ नका. पान अर्धवट असताना तिनेच ते घातलं होतं आणि काढायचं राहून गेलं होतं. टॅग आहे ना, एवढंच ती इतके दिवस विचारत आली होती. तो म्हणतो काय, हे विचारायचं सुचलंच नव्हतं. गुपचूप पुसून टाकावं, असंही क्षणभर वाटलं.

"दादा, चूक माझी आहे," ती म्हणाली. "कुणी कितीही शोधलं असतं तरी तुझं दुकान दिसलं नसतं. मीच ते लपवून ठेवलं होतं."

दादा हत्यारं पुसून पेटीत भरत होता. आता हा फाडून खाणार, म्हणून ती मान खाली घालून बसली.

"म्हणजे लोकांनी बघितलंच नाही?"

"नाही रे."

"मला वाटायचं, बघतात आणि नको म्हणतात." त्याने हातातलं हत्यार पेटीबाहेरच ठेवलं. "आठ महिने, छोटे. रोज वाटायचं."

तिला रडू आवरेना. दादाने तिच्या डोक्यावर एक टपली मारली आणि कारखानदाराला फोन लावला.

"येऊ नका," तो म्हणाला. "माझं दुकान अजून कुणी बघितलेलंच नाही."