सतरा-सी खालचं जॅकेट

चूक कॅप्टनची होती. वैमानिकाची नाही, देखभालीची नाही, हवामानाची तर अजिबात नाही. मी सतरा-सी या खुर्चीखालचं पिवळं लाइफ जॅकेट बोलतोय, आणि ज्याने मला चोरलं त्याला मी अहो-जाहो करणार नाही.

कॅप्टन म्हणजे विमान चालवणारा कुणी समजू नका. पाणीपुरवठा कार्यालयात चौतीस वर्षं मीटरच्या तक्रारी ऐकलेला माणूस. निवृत्त झाल्यावर विमान अपघातांचे माहितीपट बघायला लागला आणि सहा महिन्यांत अख्ख्या इमारतीला विमान कसं पडतं ते शिकवत सुटला. म्हणून कॅप्टन. स्वतः विमानात बसला होता एकदाच. त्या एका खेपेत त्याने मला उचललं.

माझा जन्म एका शिवणखात्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंनी माझी शिवण ओढून बघितली, पोटाला गॅसची छोटी नळकांडी अडकवली, खांद्याला शिट्टी टांगली. आम्हाला आयुष्यात एकदाच फुगता येतं, पण तेव्हा हयगय चालत नाही. मी तयार होतो. खुर्चीखाली अंधारात अकरा महिने काढले. समोर फक्त लोकांचे पाय दिसायचे. सुरक्षेच्या सूचना चालू असताना एकही पाय हलायचा थांबायचा नाही.

मग एक हात आला. विमान उतरलं होतं, लोक सामान काढायला उठले होते. कॅप्टनने मला पिशवीत कोंबलं आणि बायकोला म्हणाला, "आठवण म्हणून."

वडीलधाऱ्यांचं हे बरं असतं. चोरी त्यांनी केली की तिला आठवण म्हणतात. पोरांनी केली असती तर चारचौघांत कान उपटला असता.

नोकरी सुटली ती सुटलीच. मी दिवाणखान्यात खुंटीवर लटकलो. दर रविवारी तिथे चार निवृत्त म्हातारे जमायचे. माहितीपट बघायचे, शेवट येण्याआधी थांबवायचे, आणि प्रत्येकाने अपघाताचं कारण सांगायचं. त्यांतले एक दातांचे डॉक्टर होते, ते दर वेळी म्हणायचे, "देखभाल! कुणी बघितलंच नसणार वेळेवर." चौघांपैकी एकानेही स्वतःचा रक्तदाब वर्षभरात तपासला नव्हता. त्यानंतर कॅप्टन मला गळ्यात घालून प्रात्यक्षिक द्यायचा. "हा लाल दोरा विमानाच्या आत असताना ओढायचा नाही. आत फुगलात तर दारातच अडकाल!" म्हातारे माना डोलवायचे. ऐकून ऐकून त्यांना पाठ झालं होतं. विचारायचं मात्र कुणी काही नाही.

घरातही चौकशी समिती चालूच. दूध उतू गेलं की हा बायकोला, म्हणजे काकूंना, विचारणार, "उतू जाण्याच्या तीस सेकंद आधी तुझं लक्ष कुठे होतं?"

"तुमचा टीव्ही बंद करण्याकडे," काकू म्हणायच्या. माझा खरा उपयोग त्यांनीच केला. जेवायला हाक मारून थकल्या की माझी शिट्टी वाजवायच्या.

त्यांच्या मुलीला हवाईसुंदरीची नोकरी लागली. प्रशिक्षण संपवून ती घरी आली आणि खुंटीकडे बघतच राहिली.

"बाबा, हे कुठून आणलंत?"

"अगं, आठवण म्हणून."

"चोरलंत. आम्हाला पहिल्या दिवशी हीच मोजायला शिकवतात. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर कोण बसलं असेल?"

"दुसऱ्या दिवशी नवीन ठेवलं असेल गं त्यांनी."

"आणि नसेल ठेवलं तर?"

कॅप्टनने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तिच्या पहिल्या विमानाचं तिकीट त्याने महिनाभर आधी काढून ठेवलं होतं. मुलगी सूचना देताना त्याला समोर बसून ऐकायचं होतं. त्या एका गोष्टीसाठी तो रोज कॅलेंडर बघायचा.

"आधी हे कंपनीच्या काउंटरवर परत द्या," ती म्हणाली. "चूक कबूल करून. नाहीतर माझ्या विमानात चढू नका."

गेला. तिच्या विमानाच्याच दिवशी, काउंटरपर्यंत गेला. तिथे पंचविशीतला पोरगा बसला होता. पंचविशीतल्या पोरासमोर चूक कबूल करायची? कॅप्टन मागे वळला, स्वच्छतागृहात शिरला आणि मला घालून वरून कोटाची बटणं लावली. बेत असा, की विमानात बसल्यावर गुपचूप खुर्चीखाली सरकवून द्यायचं. सामान यंत्रातून जातं, माणूस कशाला बघतील! अपघातांचे तीनशे भाग बघून एवढी अक्कल आली होती.

सुरक्षा तपासणीच्या चौकटीतून जाताच पिपाणी वाजली.

"काका, कोटात काय आहे?" सुरक्षा अधिकाऱ्याने विचारलं.

"पाठीचा पट्टा."

"बटणं काढा. हे काय? हे कसं चालतं?"

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता, हात जोडले असते. पण या विषयावर आपणहून प्रश्न विचारणारा माणूस कॅप्टनला जन्मात पहिल्यांदा भेटला होता. त्याचा चेहरा उजळला.

"ऐका. पट्टा असा. आणि हा लाल दोरा आत असताना कधीही ओढायचा नाही. का? तर समजा असा ओढला..."

ओढला.

मी फुगलो. खरं सांगतो, झकास फुगलो. फुस्स आवाज झाला, मागची रांग जमिनीवर आडवी झाली. कॅप्टनची हनुवटी वर ढकलली गेली, त्याला फक्त छत दिसायला लागलं. तसाच मागे सरकला आणि चौकट आणि ट्रेचा ढिगारा यांच्यामध्ये घट्ट बसला. दोघांनी ओढून काढला.

मग चौकशीची खोली. पाच तास. जबाब लिहून घेणाऱ्याला हा चौकशी अहवाल कसा लिहावा ते सांगत बसला. संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, कुठे होतात?"

"आत."

"मी सूचना दिल्या. तुमच्या खुर्चीकडे बघून. रिकाम्या."

कॅप्टनने फोन टेबलावर पालथा ठेवला. मी अजून त्याच्या गळ्यातच होतो, आणि मला त्याची दया आली. थोडीच.

आता मी त्याच खोलीतल्या कपाटावर पडून आहे. हवा गेली, नळकांडी रिकामी झाली, परत फुगायचं नाव नाही. नवीन शिपायांना दाखवायला अधूनमधून खाली काढतात. तुम्ही विमानात बसलात तर खुर्चीखाली हात घालून आमच्यातला एखादा आहे का ते जरूर बघा. बघा आणि तिथेच राहू द्या.

कॅप्टनचं मुलीबरोबरचं पहिलं विमान चुकलं, आणि त्या कंपनीने त्याला तीन वर्षं प्रवासबंदी घातली.